माणसं उठायच्या आधी

१

गाणी कॉम्प्युटरमध्ये भरायची टूम माझ्या नवऱ्याची, फुरकानची. तडीस नेली मी. आमच्या घरात हे नेहमीचंच. त्यांनी नारळ फोडायचा आणि पुढचं सगळं या तरन्नुमनं निस्तरायचं. तरी सांगते, त्या टुमेबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते. आणि त्यांच्याहून जास्त उपकार ज्यांचे मानते, त्यांची मला नावंही ठाऊक नाहीत.

साल दोन हजार सात. भोरला आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. रस्त्याकडची पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत कॉटवर माझे सासरे, नजीर अब्बा. त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. इकडं शिवरे-वरव्यापासून तिकडं वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत लग्न असो, जत्रा असो, गोंधळ असो नाहीतर शाळेचं गॅदरिंग, कर्णे बांधायला नजीरभाईच. आणि एक खोड होती त्यांना. जिथं स्पीकर लावला तिथलं टेप करून ठेवायचं. भजन, भारूड, कव्वाली, काही म्हणून सोडलं नाही. कॅसेटींच्या पेट्याच्या पेट्या. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटी आणि नंतरच्या सीड्या त्या आणखी वेगळ्या.

गणपतीच्या सुमाराला अब्बांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले ते भिंतीकडं तोंड करून पडले. खायला घातलं तर दोन घास, बोलावलं तर नुसतं हूं. जन्मभर गर्दीत वावरलेला माणूस आता नुसती भिंत बघत पडलेला.

"त्यांची गाणी लावू या," फुरकान म्हणाले. पण कॅसेटींना सगळी बुरशी. पेटी उघडली की अब्बांना खोकल्याची उबळ यायची. तेव्हा मग ही टूम.

२

फुरकान एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. तिथलं एक जुनं मशीन त्यांनी घरी आणलं, त्यात मोठी हार्डडिस्क घातली आणि मधल्या खोलीच्या फळीवर चढवलं. तिथून नेटवर्कची वायर पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला, त्याला दोन स्पीकर. दुसरी वायर मधल्याच खोलीतल्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला.

"म्हणजे टाकी माळ्यावर आणि नळ खाली," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. आता टाकी तू भरायची."

"मला वाटलंच होतं!"

सीड्यांचं काम सोपं. घातली की भराभर गाणी उतरतात. कॅसेटीचं तसं नाही. ती जेवढी वाजणार तेवढाच वेळ घेणार. कॅसेट डेकची वायर कॉम्प्युटरला लावायची, कॅसेट सुरू करायची आणि आपण भाजी निवडत बसायचं. मग नाव द्यायचं, फोल्डरात टाकायचं. आधी गाव, त्यात कार्यक्रम, त्यात गाणी. मला नेटकं काम आवडतं. माहेरी मला सगळे मुकादम म्हणायचे.

एका गोष्टीनं मात्र माझं डोकं फिरायचं. अब्बांच्या कॅसेटीत रिकामी जागा फार. आरती झाली, कार्यक्रम आटोपला, तरी यांची टेप चालूच! नुसती खरखर, खरखर, बाजू संपेपर्यंत. डिस्क काही समुद्र नाही. फुरकाननी सॉफ्टवेअरमध्ये एक सोय दाखवली. ठरावीक आवाजाच्या खाली जे असेल ते आपोआप कापून टाकायचं. एक टिचकी मारली की खरखर साफ, आणि एकाला लागून दुसरं गाणं. मी सगळ्या कॅसेटींना तीच कात्री लावली. कामही कसं सुटसुटीत झालं. उतरवून झालेल्या कॅसेटी पोत्यात भरल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. घरातला बुरशीचा वास गेला, अब्बांचा खोकला थांबला. मला फार बरं वाटलं.

३

पहिल्या दिवशी पुढच्या खोलीत संबळ घुमला आणि अब्बांनी भिंतीकडची मान इकडं वळवली.

खिडकीच्या गजाला आम्ही त्यांच्यासाठी दोर बांधला होता, धरून उठायला. इतके दिवस तो नुसताच लोंबत होता. अब्बांनी डाव्या हातानं तो धरला आणि उठून बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडले. त्या दुपारी त्यांनी ताटलीभर खिचडी खाल्ली. फुरकान घरी आले तर बापाला बसलेलं बघून दारातच थबकले. "या अल्लाह, तुझे लाख शुक्र," एवढंच म्हणाले.

गाणी दिवसभर चालू असायची, कॉम्प्युटर त्याच्या मर्जीनं कुठलंही लावायचा. वाडीवरचा गोंधळ झाला की लगेच उरुसातली कव्वाली, तिच्यामागं कुणाच्या तरी लग्नातलं गाणं. अब्बा ताठ बसून ऐकायचे. टोपी मागून घेतली. एक दिवस बघते तर शर्टाचं गळ्याचं बटण लावायची खटपट चाललेली, एका हातानं. मी लावून दिलं.

"कुठं निघालात का अब्बा?" मी चेष्टेनं विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि खोलीकडं हात केला. जड जिभेनं म्हणाले, "चहा."

मी कप आणला. त्यांनी घेतला नाही. हात पुन्हा खोलीभर फिरवला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सगळ्यांना.

म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याचा काय भरवसा, झटका मेंदूलाच आलेला. मी हसले, "हो हो, देते," म्हटलं आणि आत आले. पण चहाचं भांडं घासताना सारखं वाटत राहिलं की आपण कुणाचा तरी अवमान केला.

४

मग लक्षात आलं की अब्बा आडवेच होत नाहीत.

दुपारी नाही, रात्री नाही. आम्ही धरून निजवायचो. पाठ वळली की दोर धरून पुन्हा उठून बसलेले, टोपी सारखी केलेली. डोळे लाल, मान डुलतेय, पण पाठ टेकायचं नाव नाही. पाय सुजले. डॉक्टर घरी आले, त्यांनी रक्तदाब बघितला आणि फुरकानना बाहेर ओट्यावर नेलं. मी दाराआडून ऐकलं. "झोप नाही मिळाली तर हा दाब खाली येणार नाही. दुसरा झटका येईल, आणि तो त्यांना झेपायचा नाही. ती गाणीबिणी आधी बंद करा."

झोपेची गोळी दिली, तिचाही उपयोग झाला नाही. गाणी बंद केली, तर आणखीच बिघडलं. अब्बा बसल्या बसल्या ओशाळे व्हायचे. एकदा इकडं, एकदा तिकडं बघायचे, आणि मला हातानं खुणावायचे की लाव, काहीतरी लाव. शेवटी मी लावायचेच. त्यांचा तो ओशाळा चेहरा बघवत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर गाणी बंद असताना मलाही त्या खोलीत उभं राहवत नव्हतं. तेव्हा भोरात लोडशेडिंग होतं, भर दिवसा लाइट जायची. लाइट गेली की घर कसं चिडीचूप होतं. त्या चिडीचूपमध्ये कुणीतरी घसा खाकरला. मला वाटलं अब्बा. बघितलं तर त्यांचं तोंड मिटलेलं. मग बांगड्यांचा बारीक किणकिणाट, आणि पोराला गप्प करतात तसं कुणीतरी केलेलं "शूऽऽ".

शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यांच्याकडं माणसांचा राबता. मी मनाला तेच सांगितलं. मी बी.कॉम. झालेली बाई, असल्या गोष्टींनी घाबरणारी नाही, हेही सांगितलं. शेजारीण संध्याकाळी दळण घेऊन परत आली, आणि मग कळलं की सकाळपासून तिच्या दाराला कुलूप होतं.

५

थंडी पडली होती. भोरची थंडी तुम्हाला ठाऊक नसेल, सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नाही. मधली खोली गार, स्वयंपाकघर गार. पुढच्या खोलीत मात्र ऊब. खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या. तंबाखूचा, भंडाऱ्याचा, अत्तराचा आणि दमट घोंगडीचा एकत्र वास. अब्बांच्या अंथरुणाचा असेल म्हणून मी सगळं धुऊन काढलं. वास तसाच.

एक दिवस झाडताना माझं माझ्याच हाताकडं लक्ष गेलं. खोली मोकळी, फक्त सतरंजी. आणि मी भिंतीच्या कडेकडेनं, अंग चोरून, मधेच केरसुणी उचलून पलीकडं टेकवत झाडत होते. सतरंजीच्या मधल्या भागाला केरसुणी लागलीच नव्हती. मी मुद्दाम मधे पाऊल टाकायला गेले. पाय उचलला, पण खाली टेकवेना. कुणी धरला नव्हता हो! पंगतीत बसलेल्याच्या ताटावरून पाय टाकायचा झाला तर कसं होईल, तसं झालं.

तेवढ्यात फुरकान बाहेरून आले. हेल्मेट डोक्याच्या वर धरलेलं, खांदे तिरके, पाय बघून बघून टाकत ते माझ्यापर्यंत पोचले.

"असे काय चालताय?" मी विचारलं.

"कसा?"

त्यांनी हेल्मेट हळूच खाली घेतलं. आलेल्या वाटेकडं वळून बघितलं. हसणार होते, पण हसले नाहीत. "आत चल," म्हणाले. आत जातानाही आम्ही दोघं तसेच गेलो.

६

गोरखकाका आले त्याच आठवड्यात. हे वेल्ह्याकडचे, अब्बांचे जुने जोडीदार. अब्बा खाली मशीन सांभाळायचे आणि काका खांबावर चढून कर्णे बांधायचे. एसटीनं आले होते, पिशवीत हातसडीचा तांदूळ आणि नाचणी.

चपला काढल्या, दारात उभे राहिले, आत नजर टाकली. आणि उंबऱ्याला लागूनच गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"काका, असे दारात काय? आत या ना, कॉटजवळ बसा."

"असूं दे, सूनबाई. म्या हितंच बरा. कशाला उगा समद्यांना सरकवायचं?"

बोलून गेले. मोकळ्या सतरंजीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेहरा उतरला होता त्यांचा.

"म्या काय म्हनलो आत्ता?"

"काही नाही काका. पाणी आणते."

पाणी पिऊन त्यांनी विषय बदलला. लांबूनच हाक मारली, "काय नजीरभाई! लई दिस झालं निजला न्हाईस म्हनं. आरं नीज की बाबा, कुनाची लाज धरून बसलायस?"

अब्बांनी डोळ्यांनीच खोली दाखवली, आणि डाव्या हाताचा पंजा असा उघडला, जणू काय करू, तूच सांग.

जाताना काकांनी मला बाहेर बोलावलं. त्यांच्या वाडीतल्या गोंधळाची कॅसेट आहे का विचारलं, त्यांना तिची सीडी हवी होती. नशीब माझं, तीच एक कॅसेट उरली होती. शेवटची म्हणून डेकमध्येच राहून गेलेली. मी करून ठेवते म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "वंगाळ काय न्हाई पोरी. पर म्हातारा दमलाय. त्याला निजव."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या खोलीत बसून मी ती कॅसेट काकांसाठी पुन्हा उतरवायला लावली. कानाला हेडफोन, म्हणजे अब्बांना ऐकू जायला नको. गोंधळ झाला, आरती झाली, टाळ्या झाल्या. एवढ्यात गॅसवाला आला. मी हेडफोन टेबलावर टाकून गेले, सिलिंडर घेतलं, त्याच्याशी सुट्ट्यावरून भांडले आणि परत येऊन बंद करायला म्हणून हेडफोन उचलला.

खरखर चालू होती. पण आवाज मोठा केला तर ती नुसती खरखर नव्हती.

लांब, माईकपासून फार लांब, माणसं उठत होती. कुणाचे गुडघे वाजले. कुणी "चला, उठा" म्हणालं. झोपलेल्या पोराला कुणी खांद्यावर घेतलं, ते कुरकुरलं. धोतरं झटकल्याचे आवाज, चपला शोधणं, "माझी न्हाई ही, ती तुजी," कुणाचं तरी दबकं हसू. मग पावलं. पांगत पांगत, एकेक, अगदी शेवटची दोन. मग कुणीच नाही, आणि मग खट्ट करून टेप बंद.

मी कॉम्प्युटरवर आधीच्या एका गोंधळाची फाइल उघडली. आरती संपली, शेवटची टाळी पडली आणि त्याच क्षणाला लागून पुढचं गाणं. दुसरी उघडली, भजनाची. तीही तशीच. कव्वालीचीही तशीच. सगळीकडं माणसं येत होती, बसत होती, ऐकत होती. उठायचं मी कुठंच ठेवलं नव्हतं. आणि माणसं समोर बसलेली असताना माझे सासरे जन्मात कधी आडवे झाले नव्हते.

संध्याकाळी फुरकानना सांगितलं. हे कॉम्प्युटर शिकवणारे. मला वाटलं मला वेड्यात काढतील. पण नाही. "कापलेलं परत मिळत नाही," म्हणाले. "कॅसेटीही दिल्यात आपण."

"ही एक आहे."

"एकीनं काय होणार? ती तर फक्त वाडीची माणसं."

"लग्नात बघितलंय ना तुम्ही? एक उठला की सगळे उठतात."

मग त्यांनी मला ते विचारलं, जे मी स्वतःला विचारायला भीत होते. "आणि त्यांच्याबरोबर अब्बा उठले तर?"

अब्बा असेच बसून राहिले तर ते जाणार होते, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. माणसांना उठवलं तर कदाचित त्यांच्यासोबत जाणार होते. आम्ही दोघं त्या गार खोलीत एकमेकांचे हात धरून बसलो.

८

"त्यांनाच विचारू," मी म्हटलं.

रविवारची दुपार होती. उन्हाचा पट्टा दारातून सतरंजीवर आलेला. मी भिंतीच्या कडेनं कॉटपर्यंत गेले आणि अब्बांच्या कानाशी वाकले.

"अब्बा, लोकांना आता उठू देऊ का?"

त्यांना कळलं. माझी खात्री आहे, सगळं कळलं. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली, सावकाश, एकेकाची ओळख असल्यासारखी. मग ती मधल्या खोलीच्या दाराजवळ गेली आणि तिथंच अडकली. जत्रेत बायका मागं बसतात ना, तशी ती जागा. तिथं बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. बघण्याच्या आड येत होता तो. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली. हो.

फुरकाननी डेकची वायर पुढच्या स्पीकरला जोडली. मी मधल्या खोलीच्या दारात उभी राहिले. आरती वाजली, टाळ्या वाजल्या. मग खरखर सुरू झाली आणि फुरकाननी आवाज मोठा केला.

"चला, उठा," कॅसेटीतलं माणूस म्हणालं.

आधी काहीच झालं नाही. मग उन्हाच्या पट्ट्यात धूळ उडाली. सतरंजी कुणी झटकली नव्हती, तरी धूळ उडाली, आणि पुन्हा उडाली. दारातलं ऊन तुटलं. वाकून कुणी बाहेर जावं तेवढं तुटलं आणि परत जोडलं. पुन्हा तुटलं. दाराचा पडदा हलायचा, थांबायचा, हलायचा. कॅसेटीत पावलं वाजत होती आणि खोलीतही वाजत होती, पण खोलीत कितीतरी जास्त. फुरकान भिंतीला चिकटून उभे होते, ओठ हलत होते त्यांचे. मला भीती वाटत होती, नाही कशी म्हणू? पण कुणी धक्का दिला नाही, कुणी घाई केली नाही. अब्बांनी डावा हात छातीशी नेला होता. जाणाऱ्या पाहुण्याला आपण करतो तसा. प्रत्येक वेळी ऊन तुटलं की त्यांची मान किंचित वाकायची.

खोली गार होत गेली. वास विरला. कॅसेटीतली शेवटची पावलं दूर गेली, आणि खट्ट, टेप बंद झाली.

अब्बा अजून बसलेलेच होते. नजर माझ्याकडं. नाही, माझ्याकडं नव्हे. माझ्या शेजारी.

"बिलकीस," ते म्हणाले. झटका आल्यापासून इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता. "जा आता."

बिलकीस माझ्या सासूचं नाव. फुरकान शाळेत असतानाच त्या गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, घरात त्यांचा धड एक फोटोही नाही. माझ्या लग्नात सुनेच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायला, सासूनं करायचं ते सगळं करायला कुणीच नव्हतं. लोकांनी आपसात विचारलं, मग एका चुलत नणंदेनं उरकून घेतलं, आणि मी घुंघटाआड रडले होते. नवी सून म्हणून मला कुणी डोळे भरून बघितलंच नव्हतं.

माझ्या शेजारी गुडघे वाजले. कुणीतरी जमिनीला हात टेकून उठलं. मी डोळे मिटून घेतले, मला हलताच आलं नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही गालांवरून, गार काहीतरी सावकाश उतरलं. आणि मग अगदी माझ्या कानाजवळ, पण माझ्या कानशिलावर नव्हे, बोटं मोडल्याचा आवाज झाला. कडकडकड. दहाची दहा.

मी डोळे उघडले तेव्हा पुढच्या दाराच्या चौकटीवर एक हात होता. बाकी काही नाही, फक्त हात. हिरवी काचेची काकणं, लाकूड घट्ट धरलेली बोटं, नखांत मेंदीचा जुना लाल रंग. मग चौकट नुसती चौकट राहिली.

९

अब्बांनी स्वतःच टोपी काढून उशाशी ठेवली. मग डाव्या कुशीवर कलंडले.

फुरकान धावले. मी धावले, सतरंजीच्या मधूनच धावले. त्यांच्या नाकाशी बोट धरलं, पण काही कळेना. फुरकान रडायलाच लागले, "अब्बा, अब्बा," करून. आणि तेवढ्यात अब्बा घोरले. साधंसुधं नव्हे, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं घोरले. आम्ही दोघं जमिनीवर बसून वेड्यासारखे हसलो आणि रडलो.

त्यानंतर कित्येक वर्षं ते आमच्यात होते. काठी घेऊन ओट्यापर्यंत जायचे. त्या सगळ्या अनोळखी माणसांचे आणि त्यांना धाडणाऱ्याचे मी रोज शुक्र मानते. ती माणसं आली नसती तर अब्बा भिंतीकडं तोंड करून केव्हाच संपले असते. ती शहाणी होती, सांगितल्यावर उठली.

त्या दिवशी अब्बा झोपले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर जागे झाले. मी त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी माझा हात धरला.

"गेली?" जीभ पुन्हा जड झाली होती.

"हो अब्बा."

त्यांनी कष्टानं, एकेक शब्द जुळवत विचारलं, "तुला... बघितलं तिनं?"

"बघितलं, अब्बा," मी म्हटलं. "अलाबला घेतली माझी."

त्यांनी माझा हात सोडला नाही. तसाच धरून, डोळे मिटून ते पुन्हा झोपी गेले, आणि दूध उतू गेल्याचा वास आला तरी मी तिथून उठले नाही.